चोरून टिपलेली मैफल

इच्छापुरास केळीच्या बागांवरून सांजवारा सुटला की आम्ही ओसरीवर केसरबाई केरकरांची एक जुनी मैफल लावून बसतो. गोव्यातील केरी गावच्या, अल्लादियाखाँसाहेबांच्या तालमीतल्या या मानी गायिकेस मैफलीतले ध्वनिमुद्रण खपत नसे. तरी कुणीतरी ते गुपचूप केलेच.

परवा एका स्नेह्याने त्याच फितीची खरखर काढून उजळलेली प्रत धाडली. तान दाणेदार ऐकू येते. पण खरखरीबरोबर श्रोत्यांचा खोकला, दबलेली ‘वाहवा’, बैठकीची चाहूलही गेली. बाई जणू रिकाम्या दिवाणखान्यात गात आहेत!

1977 साली त्यांची भैरवी व्हॉयेजर यानांतून अंतराळात गेली. ती त्यांनी तबकडीसाठी आपण होऊन गायिली होती. ही मैफल मात्र त्यांनी कुणास दिली नव्हती. आमच्या टेकडीवरची इच्छादेवी साऱ्यांची इच्छा पुरविते म्हणतात. बाईंची इच्छा मात्र आम्ही रोज मोडतो. कळते, तरी हात यंत्राकडे जातोच.

जुनी प्रत मात्र आम्ही टाकलेली नाही. तिच्या खरखरीत निदान आमचा अपराध ऐकू येतो.