भिंत वाळेपर्यंत

माणसाने शिकून शहाणे अवश्य व्हावे, परंतु रंगाऱ्याशी वाद घालण्याइतके शहाणे होऊ नये, असे माझे अलीकडे मत झाले आहे. ते मत बनण्यास देवपुरातील माझ्या नव्या घराची दर्शनी खोली कारण झाली.

आम्ही कित्येक वर्षे पांझरेच्या पलीकडे, जुन्या धुळ्यात, भाड्याच्या घरात काढली. अखेर देवपुरात स्वतःच्या चार भिंती उभ्या राहिल्या तेव्हा आईने ऐंशी ओलांडली होती. तिची मागणी एकच होती : आखाजीला लेकी माहेरी येतील त्या या घरात याव्यात. खानदेशातील सासुरवाशिणीला आखाजी म्हणजे काय, हे येथील वाचकांस सांगावयास नकोच. सणाला पंधरा दिवस उरले होते आणि गिलावा होऊन झाले होते अवघे दहा. त्यांतलेही पहिले सात गवंड्याने सकाळसंध्याकाळ भिंतींवर पाणी मारण्यात घालवलेले.

रंगाऱ्याने भिंतीवरून हात फिरवला आणि म्हणाला, "सर, निदान दोन महिने थांबा. सणापुरती चुन्याची सफेदी मारून देतो, पुढे खरवडून टाकू. ऑइलपेंटचे दिवाळीला बघू."

मला हसू आले. ज्या धुळ्याच्या उन्हात पापड बघता बघता कडकडीत वाळतात, तेथे अर्ध्या इंचाच्या गिलाव्याला दोन महिने? मी त्याला बाष्पीभवनावर एक छोटेखानी व्याख्यान दिले. मी शिकवतो इंग्रजी वाङ्मय. पण विषय आपला नाही ही अडचण प्राध्यापकाला सहसा आडवी येत नाही. एवढ्यावरही तो बधेना, तेव्हा मी मायकेलअँजेलोला पुढे केले. त्याने रोममधील सिस्टाइन चॅपेलचे छत १५०८ ते १५१२ या काळात ओल्या गिलाव्यावरच रंगवले, मग माझ्या खोलीने काय घोडे मारले आहे? रंगाऱ्याने निमूटपणे डबे उघडले.

सणाच्या आदल्या दिवशी खोली सायीसारखी तुकतुकीत दिसत होती. आई आत आली. गावाकडील धाब्याच्या घराच्या भिंती तिने जन्मभर स्वहस्ते सारवल्या होत्या, पांढऱ्या मातीने पोतारल्या होत्या. सवयीने तिने तळहाताची मागची बाजू भिंतीला लावली, क्षणभर तशीच ठेवली, आणि म्हणाली, "चांगली झाली रे." दुसऱ्या दिवशी बहिणी आल्या. झोका बांधला, गाणी झाली. त्या दिवसाबद्दल अधिक लिहिणार नाही.

श्रावणात भिंतीला फोड आले. एक नखाने फोडून पाहिला तो आत रंग बुळबुळीत लागला, आणि कडेला मिठासारखी पांढरी भुकटी. रंगारी आला. "मी सांगितले होते," हे तीन शब्द त्याने उच्चारले नाहीत, याबद्दल मी त्याचा आजही ऋणी आहे. रसायनशास्त्राच्या एका सहकाऱ्याने मग उलगडा केला तो असा : सिमेंट पाण्याने घट्ट होताना त्यातून चुना सुटतो, ओलीबरोबर तो पृष्ठभागाकडे येतो, आणि तेथे रंगातल्या तेलाशी गाठ पडली की त्याचा साबण होतो. साबण हा शब्द अलंकारिक नव्हे. उन्हाने वरची कातडी वाळते, पोटातली ओल तशीच राहते. तिच्यावर मी तेलाचे झाकण घातले होते. माझ्या मायकेलअँजेलोची भिंत चुन्याची होती आणि रंग नुसत्या पाण्यात कालवलेले. चुना हवेत दगड होताना ते रंग आपल्यात धरून ठेवतो. म्हणजे त्याला ओल हवीच होती.

त्याच हिवाळ्यात विद्यार्थ्यांची सहल घेऊन अजिंठ्याला गेलो. पूर्वी तेथे मी बोधिसत्त्वांचे डोळे पाहत असे. या खेपेस जेथे रंग उडाला आहे तेथेच रेंगाळलो. मुद्दाम खडबडीत ठेवलेला कातळ, त्यावर तूस आणि वनस्पतींचे तंतू मिसळलेला मातीचा थर, मग आणखी बारीक थर, शेवटी चुन्याचा पातळ हात, आणि हे सगळे वाळल्यावर चित्र. ज्यांनी हे थर दिले त्यांच्याकडे पाहण्यास कोण जातो? मुले पुढे निघून गेली होती.

परत आल्यावर खोली पुन्हा करावयास घेतली. जुना रंग खरवडून भिंत उघडी टाकली. रंगाऱ्याने रात्री प्लॅस्टिकचा एक तुकडा चारी कडा चिकटवून तिच्यावर लावला. सकाळी आतून दव धरलेले दिसले की तो डबे न उघडताच परत जाई. असे तीनदा झाले. मग दगडाने घासणे, कोरड्या कुंच्याने धूळ झाडणे, पातळ प्रायमरचा हात, लांबी भरणे, काचकागद, पुन्हा प्रायमर. पहिला हात भिंतीने तहानलेल्या गुरासारखा पिऊन टाकला.

त्या दिवसांत एकदा आईला विचारले, "तेव्हा हात लावलास, ओली लागली नव्हती का?"

"लागली की. गार होती."

"मग बोलली का नाहीस?"

"बोलले असते तर तू थांबला असतास," ती म्हणाली. "आणि आखाजी निघून गेली असती."

पुढच्या आखाजीला बहिणी आल्या तेव्हा खोलीचा रंग पक्का बसला होता. आई नव्हती. थोरल्या बहिणीने आत येताच तळहाताची मागची बाजू भिंतीला लावून पाहिली.