मागच्या सीटचं मत

घरात गाडी येते तेव्हा मतदान होतं का हो? छे! ज्याच्या नावावर ईएमआय, त्याचा निर्णय. फार तर रंगाबद्दल आईला विचारायचं आणि तिने सांगितलेला सोडून दुसराच घ्यायचा. पण एखाद्या लाडक्या गाडीचं रूप बदललं, की मात्र सगळ्यांनाच मत फुटतं. शेजारच्या काकांपासून पार्किंगच्या वॉचमनपर्यंत!

२००३ च्या अखेरीस नवी होंडा सिटी आली, तेव्हाचा गोंधळ आठवतोय? नसेल, तर थोडा फ्लॅशबॅक. १९९८ मध्ये भारतात आलेली सिटी म्हणजे जमिनीलगत धावणारी, लांब नाकाची, रुबाबदार सेडान. पुढे तिच्यात १.५ लिटरचं व्हीटेक इंजिन आलं. तब्बल १०६ हॉर्सपॉवर! आमच्या ऑफिसच्या पार्किंगमध्ये कुणी व्हीटेक लावली, की लिफ्टकडे निघालेली पोरं दोन मिनिटं थबकायची. (एक पोरगीही. ती मी.)

आणि मग ही नवी. आखूड नाक, उंच छप्पर, मागे डिकीची मोठ्ठी पेटी. इंजिन पुन्हा १.५ लिटरचंच, पण सगळा भर मायलेजवर. प्रत्येक सिलिंडरला दोन, असे एकूण आठ स्पार्क प्लग आणि ताकद किती? ७७ हॉर्सपॉवर.

आमच्या कॅन्टीनमध्ये शोकसभाच भरली. "ही सिटी नाही, डबा आहे डबा!" "हॅचबॅकला मागून डिकी चिकटवलीय यार." "७७ मध्ये काय होतंय?" आणि सगळ्यात जहरी शेरा, "काकांची गाडी!" गंमत म्हणजे त्या सभेत एकाकडेही सिटी नव्हती. आम्ही सगळे लोकल आणि बाइकवाले. पण दुःख खरं होतं. स्वप्नातली गाडी परस्पर कुणी बदलली, तर राग येणारच ना?

शिवाय आपल्याला सवय कुठे होती? १९५० च्या दशकात आलेली अॅम्बेसेडर २०१४ मध्ये बंद होईपर्यंत मूळ आकार सांभाळून होती. जाळी बदलली, दिवे बदलले, पण लांबूनही ओळखू यायची. पद्मिनीचंही तेच. गाडी म्हणजे घरातल्या कपाटासारखी, पिढ्यान् पिढ्या तीच, हा आपला हिशेब.

पण या नव्या आकारामागे एक फंडा होता. माणसाला जास्तीत जास्त जागा, मशीनला कमीत कमी, हे होंडाचं जुनं सूत्र. नवी सिटी जॅझच्या सांगाड्यावर बेतलेली होती. पेट्रोलची टाकी मागच्या सीटखालून काढून पुढच्या सीटखाली नेलेली. नाक आखूड, त्यामुळे उरलेली लांबी आत आली. छप्पर उंच, त्यामुळे सीटही उंच. थोडक्यात, ही गाडी मागे बसणाऱ्यांचा विचार करून काढली होती. आणि कॅन्टीनमध्ये बोलणारे आम्ही सगळे मनाने ड्रायव्हरच्या सीटवर!

२००४ मध्ये बाबांची बचत आणि माझ्या पगारातला हप्ता मिळून ती आमच्या ठाण्याच्या घरी आली. शोरूममध्ये बाबांनी बॉनेट उघडून पाहिलं, मी रेव्ह काउंटर पाहिला, आईने पर्सला जागा आहे का ते पाहिलं. आजीला कुणी नेलंच नव्हतं.

आजी तेव्हा ७८ वर्षांची. गुडघे पार गेलेले. आमची आधीची सेकंडहँड सेडान (तिचं नाव नको!) इतकी खाली, की बसताना कमरेतून वाकायचं आणि धपकन पडायचं. उठताना गुडघे कमरेपेक्षा वर, मग दोघांनी दोन हात धरून ओढायचं. सोसायटीच्या गेटसमोर, सगळ्यांच्या देखत. दोन-तीनदा असं झाल्यावर आजीने शांतपणे जाहीर करून टाकलं, "तुम्ही जाऊन या, मी घर सांभाळते." आम्हाला वाटायचं, तिला प्रवासाचा कंटाळा आलाय. तिची धाकटी बहीण पुण्याला सदाशिव पेठेत. तीन वर्षं दोघींची भेट नव्हती, नुसते फोन.

नव्या गाडीची पूजा झाली, नारळ फुटला. आई म्हणाली, "बसा हो आई, दोन मिनिटं तरी." आजीने दाराला पाठ केली, टेकली, एकेक पाय आत घेतला. कुणाचा हात नाही, काही नाही. मग तशीच बाहेर आली. आणि पुन्हा जाऊन बसली! म्हणाली, "रविवारी पुण्याला जायचं का गं?"

गेलो. एक्सप्रेस वेवर खंडाळ्याच्या चढाला पाच माणसं भरलेली गाडी मी तिसऱ्या गिअरवर रेटत होते आणि शेजारी बसलेला दादा विचारत होता, "एसी बंद करू का? की उतरून ढकलू?" मागे आजी खिडकीतून घाट बघत होती. त्या दिवशी दोघी बहिणी दुपारी झोपल्याच नाहीत. पुढच्या दीड वर्षात आम्ही सहा वेळा गेलो. मग मावशीआजी गेली.

म्हणून कॅन्टीनवाले चूक होते का? मुळीच नाही. वळणावर गाडी हातात खेळते तो आनंद खराच आणि दिसण्याच्या बाबतीत माझं मत आजही जुन्या सिटीलाच. कंपनीलाही हे कळलं असावं. २००५ मध्ये झेडएक्स आली तीच नाकडोळे नीटस करून. २००८ ची सिटी तर बाणासारखी टोकदार, ११८ हॉर्सपॉवरची. कॅन्टीन खूश! दादाने लगेच घेतली. आजी मात्र शेवटपर्यंत आमच्याच गाडीत बसली.

आता गंमत बघा. आज सेडान सोडून एसयूव्हीकडे वळलेल्या कुणालाही कारण विचारा. "उंच बसायला मिळतं, आईबाबांना चढायला-उतरायला बरं पडतं." ज्या गोष्टीवर तेव्हा आम्ही फिदीफिदी हसलो, तीच आज लोक पैसे मोजून मागतायत. आणि जुन्या व्हीटेक जिवापाड जपणारे शौकीनही आहेतच. दोन्ही मतं जिवंत आहेत.

फक्त दुसरं मत ऐकू येत नाही. नव्या गाडीचा फोटो मोबाइलवर झळकला, की पाच मिनिटांत निकाल लागतो. फोटोत नाक दिसतं, दिवे दिसतात. मागच्या सीटवरून उठताना काय होतं, ते दिसत नाही.

तेव्हा पुढच्या टेस्ट ड्राइव्हला घरातल्या सगळ्यात वयस्कर माणसाला सोबत न्या. मागे बसायला सांगा, मग उठायला सांगा. मदत करू नका, नुसतं बघा. ब्रोशर काय, नंतरही वाचता येतं.