कपाटामागची भिंत

घरें रंगविणें हा माझा धंदा. तो ऐकला कीं पुष्कळांना वाटतें, ब्रश आणि शिडी हींच माझीं मुख्य हत्यारें असणार. खरें पाहतां माझें सर्वांत अवघड काम टेबलाशीं बसून करावें लागतें. तें म्हणजे अंदाजपत्रक लिहिणें.

त्यांतलें गणित शाळकरी मुलालाही येईल. १० फूट रुंद, १२ फूट लांब आणि १० फूट उंच अशी खोली घ्या. चार भिंतींचे मिळून ४४० चौरस फूट, छताचे १२०, एकूण ५६०. आमच्या भाषेंत १०० चौरस फुटांचा एक ब्रास, म्हणजे हे साडेपांचाहून थोडे अधिक ब्रास झाले. दारें-खिडक्या वजा करा, दरानें गुणा, कीं आंकडा तयार! पण भिंत म्हणजे वहींतला चौकोन नव्हे. जुना चुना खरवडावा लागेल काय, भेगा बुजविणारी लांबी एकदां भरून भागेल कीं दोनदां, आणि ओल कोठें आहे, हे प्रश्न फितीला विचारून उपयोग नाहीं. अंदाजपत्रक खरें ठरतें किंवा खोटें पडतें, तें मात्र याच प्रश्नांवर.

धंद्यांत नवा होतों तेव्हांची गोष्ट. पुण्यांत सदाशिव पेठेंतल्या एका जुन्या घराच्या तळमजल्यावर एक पेन्शनर शिक्षक राहत. मुलीचें लग्न जवळ आलें होतें. मास्तरांनीं तिघां रंगाऱ्यांकडून आंकडे मागविले होते हें मला ठाऊक होतें, आणि काम तर मला हवेंच होतें. मीं फीत लावली, चहा घेतला आणि सर्वांत कमी आंकडा लिहून दिला. भिंतीला लागून एक मोठें लांकडी कपाट होतें. तें सरकवून पाहावयाचें मी विसरलों नव्हतों. मीं तें टाळलें. मागें कांहीं निघालें तर आंकडा वाढेल, आणि आंकडा वाढला तर काम जाईल!

कामाच्या दिवशीं कपाट हललें. मागें गुडघाभर ओल चढलेली, गिलाव्याला खार फुटलेला. तो काढून नवा करावयाचा आणि वाळेपर्यंत थांबावयाचें, तर माझ्या आंकड्यांत त्याला पैसा नव्हता व लग्नघरांत वेळ नव्हता. मीं वरून लांबी ओढली आणि रंगाचे दोन हात दिले. मास्तरांनीं ठरलेले पैसे मोजून दिले, वर एक नारळ हातांत ठेवला.

पुढल्या पावसाळ्यांत त्या बाजूनें जाणें झालें म्हणून आंत डोकावलों. कपाटाच्या कडेबाहेर रंगाचे पापुद्रे लोंबत होते. मास्तर रागावले नाहींत. “जुनी भिंत, चालायचेंच!” असें म्हणून ते आपली खुर्ची त्या बाजूला सरकवून बसले. बहुधा मला ती भिंत दिसूं नये म्हणून. त्यांनीं दोष भिंतीला दिला. तो कोणाचा होता हें मला ठाऊक होतें.

तेव्हांपासून फीत खिशांतून काढण्यापूर्वीं मी कपाट सरकवावयास सांगतों. घरच्या बायकांना तें आवडत नाहीं. अंदाजपत्रकांत ओलीची एक निराळी ओळ लिहितों: नळ, गच्ची किंवा पाया यांतलें कारण सांपडून दूर होईपर्यंत या भिंतीला रंग नाहीं. या एका ओळीपायीं हातचीं कामें गेलीं आहेत. लोक समजतात, लबाडी ब्रशानें होते. माझा अनुभव निराळा आहे. ब्रश हातीं घेईपर्यंत ती होऊन गेलेली असते. कागदावर आंकडा कमी पडला कीं भिंतीवर काम कमी पडणारच.

गेल्याच महिन्यांत एका गृहस्थांनीं माझा कागद परत केला. “दुसरा माणूस निम्म्यांत करून देतो,” ते म्हणाले. तो कसा करून देणार हें मला चांगलें माहीत होतें. मीं वाद घातला नाहीं. जिना उतरतांना एवढेंच म्हणालों, “साहेब, त्याला एकदां कपाट सरकवून दाखवा.”