उसने शब्द

उपवासकाळाचे, म्हणजे लेंटचे, दिवस रविवार सोडून चाळीस धरतात. राखेच्या बुधवारपासून ईस्टरच्या आदल्या दिवसापर्यंत. सोलापुरात तेव्हा ऊन चढत चाललेलं असतं. या दिवसांत चिंतनासाठी म्हणून इंटरनेटवर बरंच संगीत मिळतं: ग्रेगोरियन गायन, नुसता पियानो. आई गेल्यानंतरच्या पहिल्या उपवासकाळात मी ते रोज ऐकलं. मन शांत व्हायचं, पण मोकळं होत नव्हतं.

पाश्चात्त्य परंपरेत या काळाचं संगीत बरंचसं वजाबाकीतून घडलं. कॅथलिक उपासनेत ईस्टरपर्यंत ‘आलेलुया’ गात नाहीत. ऑर्गन एरवी गाण्याला आधार देण्यापुरताच वाजतो. १७८०च्या दशकात हायडननं स्पेनमधल्या कादिझ शहरासाठी ख्रिस्ताच्या वधस्तंभावरच्या सात उद्गारांवर संगीत रचलं. एकेका उद्गारावर प्रवचन, मग एक संथ रचना. लोकांनी बसून ऐकायचं.

आमच्याकडे पेटी-तबला बंद होत नाही, फक्त लय उतरते. १८९५ साली बाप्तिस्मा घेतलेल्या नारायण वामन टिळकांनी मराठी ख्रिस्ती उपासनेला अभंग आणि पदं दिली. तुकोबांच्या वाटेनं आपण ख्रिस्तापाशी आलो, असं ते मानत. त्यांच्या अभंगांतला ख्रिस्त माउली आहे. आई हीच पदं भाकरी थापताना गुणगुणायची.

भजनात नुसतं ऐकत बसता येत नाही. एकानं ओळ म्हटली की बाकीच्यांनी ती उचलायची आणि ध्रुपदावर परत यायचं. त्या वर्षी ‘माउली’ शब्दापाशी माझा आवाज बसायचा. शेजारची माणसं ओळ पुढे नेत. पुढच्या ध्रुपदाला मी परत त्यांच्यात मिसळायचो. माझं दुःख मला एकट्याला पेलावं लागत नव्हतं.

उत्तम शुक्रवारी त्या सात उद्गारांवर मनन होतं. तिसऱ्यात येशू आपल्या आईला शिष्याच्या हवाली करतो. चौथ्यात, देवानं आपल्याला का सोडलं, असं विचारतो. हा प्रश्न त्याचा स्वतःचा नाही. ती बाविसाव्या स्तोत्राची पहिली ओळ आहे, कितीतरी पिढ्यांनी गायलेली. मरणाच्या दारात त्यानंही गाण्यातलेच शब्द घेतले.

म्हणून आता मला स्वतःचे शब्द सुचत नाहीत, याची खंत वाटत नाही.