मागील बाकी

अकोल्याच्या कापूस बाजारात त्यांना सारे मुनीमभाऊ म्हणत; अमरावतीच्या घरी ते नुसते भाऊ होते. वृद्ध आई, वडिलोपार्जित घर आणि मुलांच्या शाळा अमरावतीला, चाकरी अकोल्याला. या दोन शहरांमधील शंभरेक किलोमीटरांचे अंतर त्यांनी सुमारे चाळीस वर्षे दर शनिवारी आणि सोमवारी कापले. बडनेऱ्याला उतरायचे आणि तेथून घर गाठायचे, हा त्यांचा नेम होता.

जिनिंग-प्रेसिंगच्या पेढीवर ते लागले 1957 साली. त्याच वर्षी 1 एप्रिलपासून नवे पैसे चालू झाले होते. एका आण्याचे सहा नवे पैसे, पण तीन आण्यांचे एकोणीस, असा तो हिशेब! त्या गोंधळात शेतकऱ्याच्या पट्टीवरील पैसा इकडचा तिकडे करणे फार सोपे होते. अठरा वर्षांच्या भाऊंनी कोष्टक पाठ केले. आडत, हमाली, तोलाई वजा जाता हाती काय पडते, ते ओळीवर बोट ठेवून समजावल्याशिवाय त्यांनी कोणाच्या हाती पट्टी दिली नाही. सत्याणुव्रताच्या अतिचारांत कूटलेखक्रिया येते आणि अचौर्याणुव्रताच्या अतिचारांत हीनाधिकमानोन्मान. एक खोट्या लेखाचा दोष, दुसरा खोट्या मापाचा. स्वाध्यायात हा भाग आला की ते हसून म्हणत, “सूत्रकारांनी मुनिमांची गादी जवळून पाहिलेली दिसते.”

1972 मध्ये एकाधिकार कापूस खरेदी योजना आली आणि आडतीचे दिवस सरले. पुढे क्विंटलभर कापसातून निघणारी चौतीसेक किलो रुई, सरकी आणि गाठी यांचेच हिशेब राहिले. भाऊंचे अक्षर मात्र तेच राहिले, आणि रोजमेळ जुळल्याशिवाय गादीवरून न उठण्याची सवयही.

भाऊंना रात्रीभोजनाचा त्याग होता. शनिवारी ते घरी पोहोचेपर्यंत अंधार पडलेला असे, त्यामुळे आठवडाभराने आलेल्या पतीला ताट वाढण्याचे समाधान काकूंना त्या दिवशी कधी मिळाले नाही. रविवारी सूर्योदयानंतर दोन घटका झाल्या की चूल पेटे. ज्वारीची भाकरी, तुरीचे वरण आणि वर घरचे तूप. मुले वडिलांभोवती बसत आणि सहा दिवसांच्या गोष्टी एका जेवणात संपवत.

एका हंगामात, गाठी बांधण्याची घाई चालू असताना, घरून तार आली. थोरल्या मुलाला विषमज्वर झाला होता. भाऊंनी वळकटी बांधलीही. परंतु त्या संध्याकाळी रोकडीत अकरा रुपयांचा फरक येत होता. फरक तसाच टाकून जाणे म्हणजे आपल्या हातावर संशय ठेवून जाणे, असे त्यांना वाटले. रात्री उशिरा चूक सापडली. एका रकमेची नोंद दोनदा झाली होती. तोवर शेवटची गाडी निघून गेली होती. दुसऱ्या दिवशी ते घरी पोहोचले तेव्हा ताप उतरणीला लागला होता. ती रात्र काकूंनी एकटीने, मुलाच्या कपाळावर ओल्या घड्या ठेवत काढली होती. त्या काही बोलल्या नाहीत.

त्या वर्षापासून क्षमावणीच्या दिवशी मंदिरातून आल्यावर भाऊ सर्वांत आधी स्वयंपाकघरात जात आणि काकूंपुढे हात जोडत. “उत्तम क्षमा,” एवढे म्हणून थोडे थांबत आणि पुढे जोडत, “आणि ते अकरा रुपये.” मुलांना लहानपणी ती थट्टा वाटे. मोठेपणी अर्थ कळला, तेव्हा थोरला त्या वेळी मुद्दाम अंगणात निघून जाऊ लागला.

निवृत्तीनंतर भाऊ पूर्णपणे अमरावतीचे झाले. नातीला शाळेत पोहोचवणे, भाजी निवडणे, मंदिराच्या दानपेटीचा हिशेब पाहणे, सारे त्यांनी आनंदाने केले. अशाच एका क्षमावणीला त्यांनी पुन्हा हात जोडले, तेव्हा काकू म्हणाल्या, “ते खाते मी त्याच वर्षी बंद केले. मागील बाकी तुम्हीच दरवर्षी पुढे ओढता.” भाऊ बराच वेळ उभे राहिले. पुढच्या क्षमावणीला ते फक्त “उत्तम क्षमा” म्हणाले आणि बसून चहा मागितला.

भाऊ आता नाहीत. दूध, भाजी, औषधे यांची त्यांची घरखर्चाची वही काकू चालवतात. दिवस मावळण्यापूर्वी बेरीज मांडतात. फरक आला तर वही मिटून ठेवतात. सकाळी पाहू, म्हणतात, आणि नातीजवळ जाऊन बसतात.