आयरिश फिडलवरचे अलंकार

आयर्लंडच्या पारंपरिक नृत्यसंगीतात फिडलवरचे अलंकार मुख्यतः लयीचे काम करतात. पाठोपाठ येणारे दोन सारखे स्वर वेगळे ऐकू यावेत, ठोक्यावरच्या स्वराला धार यावी, लांब स्वर चालू असतानाही नाचणाऱ्याच्या पायाला लय लागत राहावी, यासाठी ते आहेत. फिडल म्हणजे व्हायोलिनच. जी, डी, ए, ई या तारा त्याच, गजही तोच. वेगळी आहे ती वाजवण्याची रीत. या अलंकारांचे मूळ मात्र बॅगपाइप्समध्ये आहे असे मानले जाते. स्कॉटलंडच्या हायलंड पाइप्समधून हवेचा प्रवाह सलग वाहतो आणि वाजवताना आवाज मध्येच थांबवता येत नाही. एकच स्वर दोनदा वाजवायचा, तर मध्ये दुसऱ्या स्वराचा निमिषभर स्पर्श द्यावाच लागतो. आयर्लंडच्या इलन पाइप्सवर स्वर बंद करता येतो, तरी बोटांनी स्वर तोडण्याची कला तिथे फार बारकाईने वाढली. फिडलला तिची सक्ती नव्हती, कारण गजाची दिशा बदलली की स्वर आपोआप तुटतो. पण फिडलवादकांनी पाइप्सची बोटे उचलली आणि शिवाय गजाचे स्वतःचे अलंकार घडवले. म्हणून शिकणाऱ्यापुढे काम दुहेरी असते: काही अलंकार डाव्या हाताचे, काही उजव्या.

डाव्या हाताचा सर्वांत छोटा अलंकार म्हणजे कट. मुख्य स्वर चालू असताना वरचे एखादे बोट तारेला क्षणभर शिवते आणि लगेच उचलले जाते. बोट पट्टीपर्यंत दाबायचे नसते. तार पुरती दाबली गेली की वरचा स्वर स्पष्ट ऐकू येतो आणि कट फसतो. कटमध्ये ऐकू यायला हवा तो केवळ एक टिचका, ज्याने मुख्य स्वराचे दोन तुकडे होतात. त्यामुळे वरचा स्वर कोणता, याला फारसे महत्त्व नसते. डी तारेवर पहिल्या बोटाने ई वाजत असेल, तर अनेक वादक कटसाठी दुसरे बोट सोडून तिसरे वापरतात, कारण त्या बोटाचा झटका अधिक मोकळा पडतो.

हिंदुस्तानी पद्धतीने व्हायोलिन शिकलेल्यांना नेमकी इथेच अडचण येते. कणस्वर क्षणभराचा असला तरी त्याला स्वतःची जागा असते. तो चुकीचा लागला तर रागच बिघडतो. कटला अशी ओळख नसते, ओळख असते ती फक्त वेळेला. शिवाय बैठकीत वाद्याचे टोक पायावर टेकवलेले असल्याने डावा हात तारेवर मोकळा सरकतो आणि मींड हा त्याचा स्वभाव बनतो. आयरिश फिडलवर हात बहुतेक वेळ पहिल्याच जागी स्थिर राहतो आणि बोटे वरून पडतात. पाश्चात्त्य अभिजात शिक्षण घेतलेल्यांची सवय आणखी वेगळी असते. ते ट्रिल पुरी वाजवतात आणि प्रत्येक लांब स्वरावर कंप देतात. नृत्याच्या धुनांत कंप फार कमी चालतो, आणि ट्रिलने ठोका झाकला जातो. दोन्ही शाळांतून आलेल्यांना तयार बोटांचा फायदा मिळतो, पण सवयी मोडायला वेळ द्यावा लागतो.

कटचा खालचा जोडीदार म्हणजे टॅप. बासरीवर किंवा व्हिसलवर तो छिद्रावर बोट आपटून निघतो. फिडलवर उलटे घडते: वाजते बोट क्षणभर उचलायचे, खालचा स्वर डोकावू द्यायचा आणि बोट पुन्हा तारेवर आपटायचे. दुसऱ्या बोटाच्या स्वरावर टॅप हवा असेल, तर पहिले बोट आधीपासून तारेवर बसलेले असले पाहिजे. ते आयत्या वेळी ठेवायला गेले की उशीर झालाच.

कट आणि टॅप मिळून रोल होतो. लिहिलेल्या स्वरलिपीत रोलचे पाच स्वर दिसतात: मुख्य, वरचा, मुख्य, खालचा, मुख्य. कागदावर तो अभिजात संगीतातल्या ‘टर्न’सारखा वाटतो, आणि तिथूनच बहुतेकांचा गोंधळ सुरू होतो. ते पाचही स्वर सारख्या अंतराने वाजवू लागतात, आणि धून लडबडते. रोल पाच स्वरांचा नसून तीन मात्रांचा आहे, हे एकदा कानात बसले की निम्मे काम झाले. जिग हा 6 मात्रांचा प्रकार, त्यात तीन-तीनचे दोन गट. अशा एका गटात एकच स्वर तीनदा आला आहे असे समजावे. पहिला साधा, दुसऱ्याच्या आरंभी कट, तिसऱ्याच्या आरंभी टॅप. हाच लांब रोल. आखूड रोल दोन मात्रांचा असतो आणि तो थेट कटनेच सुरू होतो, म्हणून त्यात चारच स्वर राहतात. रील 8 मात्रांची, चार-चारच्या गटांची. तिच्यात लांब रोल आला की गटातली एक मात्रा उरते आणि ती पुढच्या किंवा मागच्या स्वराकडे जाते. रोल ठोक्यावर सुरू करायचा की एक मात्रा उशिरा, यावर धुनेची चाल बदलते.

सरावही याच क्रमाने करणे हिताचे. आधी एकच स्वर वेगवेगळ्या गजांनी तीनदा, अगदी संथ. मग तेच तीन ठोके एकाच गजात, मात्र गजावरचा दाब प्रत्येक मात्रेला किंचित वाढवून. हे नीट झाल्यावरच कट आणि टॅप घालायचे. बोटे गजाने आखलेल्या जागी पडली पाहिजेत. बोटांच्या मागे गज धावू लागला की रोल गुळगुळीत आणि निर्जीव होतो. मुरलेले वादक पहिली मात्रा जरा लांबवून पुढचे चार स्वर घट्ट बांधतात, पण ती मोकळीक सम मात्रा हातात आल्यानंतरची आहे.

गजाचा मुख्य अलंकार ट्रेबल. दोन मात्रांच्या जागेत एकाच स्वरावर गजाचे तीन फटके: दोन अतिशय आखूड, तिसरा थोडा लांब. आवाज कोरडा, जरा खरखरीत हवा. पहिल्या दोन फटक्यांत स्वराची उंची धड ऐकूही येत नाही आणि तसेच अपेक्षित असते. नवशिके मोठ्या हालचालीने तीन स्वच्छ स्वर काढायला जातात आणि गजाची लांबी वाया घालवतात. ट्रेबलला बोटभर गज पुरतो. मनगट सैल ठेवून हात क्षणभर आवळला, की तो थरथरल्यासारखा निघतो.

ट्रेबलमध्ये दिशेचीही अडचण असते आणि तिच्याकडे पुरेसे लक्ष दिले जात नाही. दोन मात्रांत एरवी गजाचे दोन फटके बसतात, ट्रेबलमध्ये तीन. म्हणून ट्रेबलनंतर गजाची दिशा उलटी होते, आणि ज्या ठोक्यावर गज खाली यायचा तिथे तो वर जातो. वादक जवळपास कुठेतरी दोन स्वर एकाच गजात बांधून हिशेब पुन्हा जुळवतो. हा जोड कुठे घ्यायचा, हे आधी ठरलेले असावे. तो ठरलेला नसला, की ट्रेबल स्वतः उत्तम निघूनही पुढचा गट लंगडतो.

बाकीचे अलंकार तुलनेने सोपे. खालून सरकत स्वरावर पोचणारी स्लाइड आणि शेजारची मोकळी तार सोबत वाजवणे हे आठवड्याभरात जमू लागते. त्यांचा अतिरेक टाळणे मात्र तितके सोपे नाही. मोकळ्या डी तारेवर रोल होत नाही, कारण तिच्याखाली डोकावायला त्या तारेवर स्वरच नाही. तिथे पाइप्सवरच्या क्रॅनची नक्कल करतात, म्हणजे वेगवेगळ्या बोटांचे कट एकापाठोपाठ देतात, किंवा सरळ ट्रेबल घेतात.

कोणता अलंकार किती वापरायचा, हे प्रदेश ठरवतो. वायव्येकडच्या डॉनेगलमधून मजूर हंगामी कामासाठी स्कॉटलंडला जात, आणि तिथल्या स्ट्रॅथस्पेसारख्या धुना त्यांच्याबरोबर आल्या. डॉनेगलमध्ये ट्रेबल भरपूर, रोल कमी, गज सुटा आणि ठसठशीत. कल्हई-पत्र्याचे काम करत गावोगाव हिंडणाऱ्या घराण्यातला जॉन डॉहर्टी (निधन 1980) आणि पुढच्या पिढीतला टॉमी पीपल्स (1948–2018) यांच्या ध्वनिमुद्रणांत हे ऐकू येते, दोघांत फरक बराच असूनही. स्लायगोमध्ये रोल विपुल आणि गज वाहता. कॉर्क आणि केरी यांच्या सीमेवरच्या स्लीव लूक्रा भागात पोल्का आणि स्लाइड नावाचे नृत्यप्रकार प्रिय. तिथे रोलपेक्षा गजाचा झोका आणि मोकळ्या तारांची साथ जास्त. त्या भागातला शिक्षक पॉड्रिग ओ’कीफ (1887–1963) शिष्यांसाठी स्वरलिपीऐवजी स्वतःचीच खूण लिहीत असे: चार घरे म्हणजे चार तारा, आकडे म्हणजे बोटे. पूर्व क्लेअरचा मार्टिन हेज (जन्म 1962) इतक्या संथ लयीत वाजवतो की एकेका कटला वजन येते. शिकणाऱ्याने सुरुवातीला यांपैकी एकच वाट धरावी. चार प्रदेशांचे अलंकार एका धुनेत कोंबले, तर ती कुठलीच राहत नाही.

प्रादेशिक वेगळेपणाला सर्वांत मोठा धक्का स्लायगोच्याच एका वादकाने दिला, तोही नकळत. किलाविलजवळ जन्मलेला मायकल कोलमन (1891–1945) 1914 साली अमेरिकेला गेला आणि 1921 ते 1936 या काळात न्यूयॉर्कमध्ये त्याच्या तबकड्या निघाल्या. त्या आयर्लंडला परत पोचल्या आणि घराघरांत लोक त्याचे रोल जसेच्या तसे बसवू लागले. कोलमन मात्र स्वतः तीच धून फिरून वाजवताना बदल करतो. धुनेचे साधारणतः दोन भाग, प्रत्येक 8 मापांचा आणि दुबार वाजणारा; अख्खी धून दोन-तीनदा फिरते. पहिल्या फेरीत जिथे रोल होता तिथे दुसऱ्या फेरीत ट्रेबल येतो, तिसरीत स्वर नुसता लांब धरला जातो. त्याची नक्कल करायचीच असेल, तर ती या निवडीची करावी.

म्हणूनच छापील संग्रहांवर विसंबून अलंकार शिकता येत नाहीत. शिकागोचे पोलीस प्रमुख फ्रान्सिस ओ’नील यांच्या 1903 च्या संग्रहात 1850 धुना आहेत आणि त्याचे ऋण प्रत्येक आयरिश वादकावर आहे. पण कागदावर येतो तो धुनेचा सांगाडा. आज रोलसाठी स्वरावर छोटी कमान काढतात. ती कमान जागा दाखवते, लय दाखवत नाही. लय कानानेच घ्यावी लागते: ध्वनिमुद्रण संथ करून, किंवा अर्थहीन अक्षरांनी धून तोंडाने म्हणून, ज्याला लिल्टिंग म्हणतात. तोंडाने म्हणता आलेला रोल बोटांत लवकर उतरतो.

संथ धुनांचे, म्हणजे स्लो एअरचे, नियम वेगळे. त्या बहुधा गेलिक भाषेतल्या गाण्यांवरून आलेल्या असतात. त्यांना नाचाचा ठोका नसतो, म्हणून रोलची तीन मात्रांची चौकट तिथे लागू होत नाही. अलंकार गायकाच्या शब्दांमागून चालतात, स्वर हळूच सरकतात, कंपही थोडा चालतो, आणि ओळीच्या शेवटी श्वासाइतका थांबा लागतो. हा प्रकार शेवटी शिकावा, आणि त्याआधी ते गाणे शब्दांसकट, साथीविना गाणाऱ्या गायकाकडून ऐकलेले असावे.