निळी मतपत्रिका

स्वीडनमध्ये दर चार वर्षांनी सप्टेंबरातल्या एका रविवारी तीन निवडणुका एकदम उरकतात. पिवळी मतपत्रिका संसदेची, पांढरी कोमूनची म्हणजे तिथल्या नगरपालिकेची आणि निळी रीजनची. बाहेरचे पत्रकार पिवळीवर लिहितात : पंतप्रधान कोण, उजवे किती, डावे किती. गुडघा बदलायला टेकलेल्या माणसाचं काम मात्र निळीशी. असे रीजन २१. स्टॉकहोमचा सुमारे २४ लाख वस्तीचा, गॉटलंड बेटाचा जेमतेम ६१ हजारांचा. प्रत्येकाची निवडून आलेली सभा, आणि तिच्या खर्चाचा बहुतेक सगळा वाटा दवाखान्यांवर आणि इस्पितळांवर. उरलेल्यात बसगाड्या आणि थोडी नाटकं-संगीत.

*

पगाराची पावती पाहावी. सरासरी ३२ टक्क्यांच्या आसपास स्थानिक प्राप्तिकर, त्यातले ११-१२ टक्के रीजनचे, बाकीचे कोमूनचे. राष्ट्रीय प्राप्तिकर एका मर्यादेच्या वर कमावणाऱ्यांनाच लागतो. म्हणजे बहुसंख्य नोकरदारांच्या प्राप्तिकरातला एक क्रोनाही स्टॉकहोमच्या अर्थमंत्र्याकडे जात नाही. सरकार विक्रीवरच्या आणि मालकांकडून घेतलेल्या करांवर चालतं. रीजनच्या कराचा दर रीजनची सभाच मतदानानं ठरवते. वाढवला तर निळ्या मतपत्रिकेला तोंड द्यायचं. घटवला तर कुठला वॉर्ड बंद करणार, तेही सांगायचं.

माझ्या मते या व्यवस्थेचा कणा इथेच आहे. इस्पितळ कुठे बांधलं आणि त्यावर पाटी कुणाची, या गोष्टी नंतरच्या.

*

आपल्याकडे १ मे १९६२ला जिल्हा परिषदा आल्या आणि प्राथमिक आरोग्य केंद्रं, उपकेंद्रं त्यांच्या अखत्यारीत गेली. जिल्हा रुग्णालय राज्याकडेच राहिलं. पैसाही मुख्यतः वरूनच येतो. ‘आरोग्य केंद्रासाठी कर दोन टक्के वाढवतो, मला निवडून द्या’ असं म्हणणारा झेडपीचा उमेदवार अजून कुणी पाहिलेला नाही. तो म्हणतो, ‘मी निधी खेचून आणीन.’ ही दोन वाक्यं दोन वेगळ्या व्यवस्थांची आहेत.

*

रीजनांना पूर्वी लँडस्टिंग म्हणत. स्थापना १८६२ची. इस्पितळं त्यांच्याकडे लवकर आली, पण गावोगावचे डॉक्टर बराच काळ सरकारचे नोकर होते. ते १९६३मध्ये लँडस्टिंगकडे सोपवले गेले, मनोरुग्णालयं १९६७मध्ये. मग १९७०चा सात क्रोनांचा बदल. त्याआधी रुग्ण डॉक्टरांना फी मोजायचा आणि विम्याकडून काही भाग परत मागायचा. आता खिडकीवर सात क्रोना ठेवायचे आणि आत जायचं. डॉक्टर पगारी झाले. सरकारी इस्पितळातच बसून खासगी रुग्ण तपासण्याची जुनी रीत संपली, आणि डॉक्टरमंडळी चांगलीच संतापली होती.

*

१९८२चा आरोग्यसेवा कायदा (२०१७मध्ये त्याची जागा नव्या कायद्यानं घेतली, गाभा तोच राहिला) वाचताना एक गंमत लक्षात येते. सगळ्यांना समान अटींवर चांगली सेवा, हे उद्दिष्ट आहे. पण रुग्णाला न्यायालयात जाऊन बजावता येईल असा हक्क त्यात फारसा नाही. कायदा रीजनला बांधतो. रुग्णानं तक्रार करावी, मत द्यावं, दुसरं केंद्र निवडावं. वकील शेवटी.

आरोग्यमंत्र्याचीही गोष्ट तशीच. एकही इस्पितळ त्याच्या हाताखाली नाही. मार्गदर्शक तत्त्वं एक संस्था काढते, तपासणी दुसरी करते, औषधांना अनुदान द्यायचं की नाही हे तिसरी ठरवते, आणि या संस्थांच्या एकेका निर्णयात मंत्र्यानं हात घालायचा नाही असा दंडक. रांगा वाढल्या की टीव्हीवर मात्र त्यालाच बोलावतात. मग तो रीजनांसाठी खास अनुदान जाहीर करतो, अटी घालून. अशी अनुदानं फार झाली की रीजनच्या हिशेबनिसाचा अर्धा वेळ अटी पुऱ्या केल्याचे अहवाल लिहिण्यात जातो. ही तक्रार आपल्याकडच्या कुठल्याही तालुका आरोग्य अधिकाऱ्याला समजेल.

*

नॉरबॉटन रीजन देशाच्या जवळजवळ चौथ्या हिश्श्याएवढा, माणसं अडीच लाखांच्या घरात. प्रत्येक रीजननं आपापल्या करावर जगायचं म्हटलं तर उत्तरेत रुग्णवाहिकासुद्धा परवडणार नाही. म्हणून समानीकरण : कमाई कमी असलेल्या रीजनला सरकार देशाच्या सरासरी करक्षमतेच्या ११५ टक्क्यांपर्यंत भर घालून देतं. शिवाय वस्ती म्हातारी किती, विखुरलेली किती, याचा वेगळा हिशेब, आणि त्यासाठी रीजनारीजनांत देवाणघेवाण. स्टॉकहोमचे पुढारी यावर वर्षानुवर्षं कुरकुरतात. कुरकुरावंच. पण हे सूत्र काढून घेतलं तर २१ रीजन उरणार नाहीत, पाचसहा श्रीमंत आणि बाकीचे याचक उरतील.

*

स्वीडनमध्ये नोकरीला गेलेल्या मराठी मंडळींचं ठरलेलं गाऱ्हाणं : ताप आला, ११७७ला फोन केला, नर्स म्हणाली भरपूर पाणी प्या, पॅरासिटामॉल घ्या, तीन दिवसांनी बघू. पुण्यात असतो तर संध्याकाळच्या आत डॉक्टरसमोर बसलो असतो. खरं आहे. आणि पिशवीभर अँटिबायोटिक घेऊन घरी आलो असतो, हेही खरं आहे.

त्यांतल्या बऱ्याच जणांच्या लक्षात न येणारी बाब अशी : तीन वर्षं सलग नोंदणीकृत वास्तव्य झालं की परदेशी नागरिकालाही निळी आणि पांढरी मतपत्रिका टाकता येते. फक्त पिवळी नाही. म्हणजे ज्या नर्सवर राग, तिच्या रीजनची सभा निवडायला पासपोर्ट बदलावा लागत नाही.

*

सेवा फुकट नाही. भेटीगणिक शुल्क असतं, रीजनागणिक वेगळं. पण बारा महिन्यांत मिळून कमाल किती, ही मर्यादा देशभर एकच : २०२४मध्ये १,४०० क्रोना. त्यापुढच्या भेटी मोफत. औषधांची मर्यादा वेगळी, त्या वर्षी २,८५०. लहान मुलांना बहुतेक ठिकाणी शुल्क नाही, पंचाऐंशीच्या पुढच्यांना नाही. चहा-सामोशाएवढी किंमत ठेवून गर्दी आवरायची, आणि खरा आजारी सापडला की गल्ला बंद करायचा.

*

रुग्णाला वेळेची हमी अशी : संपर्क त्याच दिवशी, प्राथमिक तपासणी तीन दिवसांत, तज्ज्ञ नव्वद दिवसांत, ठरलेला उपचार आणखी नव्वद दिवसांत. कागदावर सुबक. प्रत्यक्षात पुष्कळांना नव्वदच्या पुढे ताटकळावं लागतं. मग रीजननं दुसऱ्या रीजनमध्ये सोय करून द्यायची आणि बिल भरायचं.

या ‘बिल घरच्या रीजनला’ नियमाचा एक चलाख उपयोग झाला. मोबाइलवर डॉक्टर दाखवणाऱ्या कंपन्यांनी भेटीचं शुल्क कमी असलेल्या एखाद्या रीजनमधल्या केंद्राशी करार केला आणि तिथून सगळ्या देशाला सेवा विकली. रुग्ण स्टॉकहोमच्या सोफ्यावर, कागदोपत्री भेट परगावी, बिल स्टॉकहोमला. एकवीस दारं ठेवली की एखादं उघडं राहणारच.

*

२०१०पासून प्रत्येक रीजनला नागरिकाला आरोग्य केंद्र निवडू द्यावं लागतं, सरकारी किंवा खासगी. पैसा करातला, रुग्णामागे जातो. आज चाळीस टक्क्यांहून जास्त केंद्रं खासगी मालकीची आहेत. स्टॉकहोममध्ये भरपूर, उत्तरेच्या जंगलात विरळ. पैसा कितीही मागे धावला तरी सत्तर किलोमीटरवरच्या वाडीत निवडीला अर्थ नसतो.

*

सोलेफ्तेओ. वेस्टरनॉर्लंड रीजनमधलं लहान गाव, तिथलं इस्पितळ, त्यातला प्रसूती विभाग. रीजन तोट्यात होता. विभाग जानेवारी २०१७च्या अखेरीस बंद झाला. त्यानंतर सगळ्यात जवळची बाळंतपणाची सोय शंभर किलोमीटरच्या पुढे, तीही हिवाळ्यातल्या बर्फाच्या रस्त्यानं. दोन सुइणींनी होणाऱ्या आईबापांसाठी एक वर्ग सुरू केला : गाडीत बाळंतपण कसं करावं. जगभरच्या वर्तमानपत्रांनी ती बातमी चवीनं छापली. लोकांनी इस्पितळात ठाण मांडलं आणि दीर्घकाळ हलले नाहीत.

निर्णय मुंबईहून आला, दिल्लीहून आला, असं म्हणायची सोय तिथल्या लोकांना नव्हती. निर्णय घेणारे त्यांच्याच रीजनचे, त्यांनीच निवडलेले. पण त्याच रीजनमधल्या मोठ्या शहराची, सुन्ड्सवालची, वस्ती सोलेफ्तेओच्या पाचपट. विकेंद्रीकरण रीजनच्या वेशीपर्यंत येतं आणि थांबतं. वेशीच्या आत पुन्हा एक केंद्र आणि पुन्हा एक कोपरा असतोच. अर्थशास्त्री सांगतील की वर्षाला थोडीच बाळंतपणं होणारा विभाग सुरक्षितही नसतो. असेल. शंभर किलोमीटरचा प्रवास त्या हिशेबात कुठल्या रकान्यात धरला, हे विचारायला हवं.

*

शिवण जिथे उसवते ती जागा. १९९२च्या बदलानं म्हाताऱ्यांची दीर्घकालीन काळजी रीजनकडून कोमूनांकडे गेली. हेतू चांगला : इस्पितळातली खाट अडवून बसलेली आजी घराजवळ परत यावी. डॉक्टरांनी ‘आता घरी जाऊ शकतात’ म्हटल्यावर कोमूननं वेळेत सोय केली नाही, तर खाटेचा खर्च कोमूनवर. ही युक्ती चालली, खाटा मोकळ्या झाल्या.

पण वृद्धाश्रम कोमूनचा, नर्स कोमूनची आणि डॉक्टर रीजनचा. डॉक्टरांची सेवा कोमूनच्या अखत्यारीतच बसत नाही. आजी एकच, मालक दोन, नोंदवह्या दोन. २०२०मध्ये करोना वृद्धाश्रमांत शिरला तेव्हा या शिवणीतून माणसं गेली. सरकारनं नेमलेल्या आयोगानं त्या डिसेंबरात स्पष्ट लिहिलं की वृद्धांच्या सेवेतले दोष जुनेच होते, रचनेतले होते, आणि जबाबदारी वाटली गेलेली होती. मला ही या व्यवस्थेवरची सगळ्यात जड टीका वाटते, रांगांपेक्षा कितीतरी जड.

गॉटलंड बेटावर शिवण जवळपास नाही, कारण तिथे रीजन आणि कोमून ही एकच संस्था आहे. खाट अडली तर एका खिशातून दुसऱ्या खिशात बिल. मात्र ६१ हजारांच्या करावर सगळे तज्ज्ञ पोसता येत नाहीत. गंभीर रुग्ण उडवून मुख्य भूमीवर न्यावा लागतो.

*

शेजाऱ्यांनी काय केलं? नॉर्वेनं २००२मध्ये इस्पितळं परगण्यांकडून काढून सरकारकडे घेतली. डेन्मार्कनं २००७मध्ये तेरा परगण्यांचे पाच रीजन केले आणि कर लावण्याचा अधिकारच काढला. फिनलंडनं १ जानेवारी २०२३पासून २१ नवे विभाग उभे केले. इस्पितळ आणि म्हाताऱ्यांची काळजी एकाच छत्राखाली, म्हणजे स्वीडनची शिवण तिथे शिवून टाकली. सभाही लोकांनी निवडलेल्या. पण कराचा अधिकार दिला नाही. पैसा हेलसिंकीहून सूत्रानं येतो. पहिल्याच वर्षी जवळपास सगळ्या विभागांना तूट आली आणि सरकारनं ती ठराविक मुदतीत भरून काढायला सांगितली. कर वाढवता येत नाही, कर्जाला परवानगी लागते, म्हणून केंद्रं बंद करणं आणि माणसं कमी करणं एवढंच निवडून आलेल्या सभासदाच्या हातात राहतं. मतदार त्याला जाब विचारतो, आणि तो बोट हेलसिंकीकडे दाखवतो.